जाळ्याआधी पाणी

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. एकनाथांच्या नावाने नाथसागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची कहाणी सिंचन, बुडालेली गावे आणि नाशिक-अहिल्यानगरशी चाललेला पाणीवाद या अंगांनी वारंवार सांगितली जाते. त्यातल्या मासळीची कहाणी मात्र एका वाक्यात आटोपते: बारीक आसाची जाळी आली आणि मासे संपले. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. या जलाशयातले सर्वांत मोठे जाळे म्हणजे पाण्याची चढउतार. इथल्या भोई मच्छीमारांची जाळी तिच्या मागून पडतात. ज्या हिशेबात पहिले जाळे धरलेले नाही, तो हिशेब दुसऱ्यावर अन्याय करतो.

मासेमारी आणि अन्नसाखळी यांचे गणित प्रथम समुद्रावर मांडले गेले. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली. उंबेर्तो द'अंकोना या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या बाजारांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांनी १९२६ साली त्याचे कारण समीकरणात मांडले: शिकारी आणि भक्ष्य दोन्ही सरसकट पकडले, तर सरासरीने शिकारी घटतो आणि भक्ष्य वाढते, मासेमारी थांबली की उलटे होते. पुढे १९८०च्या दशकात हवाई बेटांजवळच्या प्रवाळखडकांसाठी जेफ्री पोलोविना यांनी ‘इकोपाथ’ ही पद्धत बांधली. शेवाळापासून शार्कपर्यंत कोण कोणाला किती खातो, याचा तो ताळेबंद होता. नंतरच्या आवृत्त्यांत काळाचा ओघ आला. तेव्हापासून अशा गणिती प्रतिमानाला दोन गोष्टी बाहेरून पुरवाव्या लागतात: दर वर्षी मासेमारी किती झाली आणि निसर्गाची स्थिती कशी होती. समुद्रात ही दुसरी बाजू तापमानाची आणि प्रवाहांची असते. नाथसागरात ती पातळीची आहे.

कारण हा जलाशय पसरट आहे. पूर्ण भरल्यावर २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते, म्हणजे सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. पातळी थोडी खाली गेली तरी काठाची मोठी जमीन उघडी पडते आणि तिच्यावर गाळपेर होते. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढले, की तीच जमीन खतासकट, पिकांच्या धसकटांसकट बुडते. कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर सूक्ष्मजीव पोसले जातात, त्यांच्यावर प्लवंग आणि किडे, त्यांच्यावर पिलावळ. म्हणून चांगल्या पाण्याचे वर्ष मासळीलाही चांगले. दुष्काळात याच्या नेमके उलट घडते. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळांत जलाशय मृतसाठ्यापर्यंत, म्हणजे ७३८ दशलक्ष घनमीटरच्या रेषेपर्यंत आणि तिच्याही खाली गेला. काठची उथळ अंडी घालण्याची जागा सुकते आणि उरलेले मासे आकसलेल्या पाण्यात दाटीने गोळा होतात. तिथे जाळे टाकणाऱ्याच्या हाती भरपूर मासळी लागते, आणि नेमका हाच पुढच्या वर्षीचा विणीचा साठा असतो. त्या वर्षीचा चढा आकडा पाहून कोणी ‘मासे भरपूर आहेत’ म्हणेल, तर तो फसेल.

यावर पहिला आक्षेप असा, की मत्स्यबीज सोडले की भरपाई होते. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून धरणात बोटुकली सोडावीच लागते. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली संप्रेरक टोचून माशांकडून अंडी घालून घेतली, त्यातून हा मार्ग मोकळा झाला. पण बोटुकली म्हणजे अन्नजाळे नव्हे. मरळ, वाम यांसारखे शिकारी मासे बोटुकलीच्या पिशवीतून येत नाहीत. उलट १९५२ साली भारतात आणलेली चिलापी अंडी-पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते आणि स्थिर पाण्यात खूश असते. अस्थिर पातळी आणि बारीक जाळे या दोन्हींचा मारा सोसायला तिच्याइतका तयार मासा दुसरा नाही. व्होल्तेरांचे गणित इथे पातळीच्या जोडीने वाचावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुष्काळ नैसर्गिक आहे, मग त्याचा हिशेब मासेमारीच्या बरोबरीने का मांडावा? कारण ही पातळी निव्वळ पावसाने ठरत नाही. वरच्या खोऱ्यात दारणा १९१६पासून आणि भंडारदरा १९२६पासून पाणी अडवत आले आहेत. त्यानंतर इतर धरणांची भर पडली. महाराष्ट्राच्या २००५च्या जलसंपत्ती कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले आणि २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ६५ टक्क्यांची रेषा घातली: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत त्याहून कमी पाणी असेल, तर वरून सोडायचे. ही रेषा शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांच्यासाठी आखली गेली, आणि ते योग्यच होते. पण त्याच रेषेवर मासळीचेही पुढचे वर्ष ठरते. प्रदूषणही याच पातळीशी जोडलेले आहे: छत्रपती संभाजीनगर शहरातून वाहणारी खाम नदी सांडपाणी घेऊन इकडेच येते. पातळी खालावली, की तेवढीच घाण कमी पाण्यात मिसळते.

कमी पाण्याचा फायदाही होतो, हे नाकारता येत नाही. १९८६ साली पक्षी अभयारण्य जाहीर झालेल्या या जलाशयात उघड्या चिखलावर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांना चारा मिळतो. म्हणून पातळी कायम उंच ठेवा, असा माझा आग्रह नाही. आग्रह वेगळा आहे. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची जाळी बंद असतात, कारण तिथे ऋतू पंचांगाप्रमाणे येतो. नाथसागरात ऋतू पातळीप्रमाणे येतो. पाणी मृतसाठ्याच्या रेषेला टेकताच आकसलेल्या डोहांत जाळी थांबवावीत आणि त्या काळात मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना मजुरीइतका आधार द्यावा. धरणाची पातळी रोज नोंदली जाते. त्या वहीशेजारी संस्थांच्या मासळीची नोंद, जातवार आणि आकारवार, ठेवली तर प्रतिमानाला लागणारे दोन्ही आकडे पैठणमध्येच तयार होतील.