चिनी मातीवर चिनी माती

उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यातल्या पाणीगेटच्या एखाद्या गच्चीवर पहाटे उभं राहावं. पतंग उडायला अजून दोन तास असतात, मांडवीच्या बाजूला धुकं दाटलेलं असतं आणि विजेच्या खांबावरून बारीक चरचर ऐकू येते, तापल्या तव्यावर थेंब पडावा तशी. ऊन वर आलं की ती थांबते. दुपारी त्याच खांबावरच्या त्याच इन्सुलेटरवर धूळ तितकीच असते, पण तो गप्प असतो. पहाटे आणि दुपारी फरक असतो तो फक्त पाण्याचा. धुळीने माखलेला इन्सुलेटर ओला झाला की त्याचं काय होतं, हे खोलीत बसून, पुन्हा पुन्हा आणि सगळीकडे सारखंच कसं तपासायचं? या प्रश्नाची कुळकथा मला फार मोलाची वाटते, कारण ती मळ तयार करायला शिकण्याची कथा आहे.

या शत्रूची, ओल्या मळाची, ओळख जुनीच होती. तारायंत्राच्या काळात खांबांवर चिनी मातीच्या छोट्या घंटा बसवत आणि घंटेच्या आत आणखी एक घंटा ठेवत, म्हणजे बाहेर कितीही पाऊस पडला तरी आतलं अंग कोरडं राहावं. समुद्रकाठच्या काही लाइनींसाठी तर घंटेचा खालचा काठ आत वळवून त्याची वाटी करत आणि तिच्यात तेल भरत. ओल्या मिठाची साय तेलापाशी तुटायची. पुढे विजेचा दाब इतका वाढला की घंटा अपुरी पडू लागली. १९०७ साली अमेरिकेत हेवलेट आणि बक यांनी चकत्यांची लोंबती माळ आणली. दाब वाढवायचा असेल तर माळेत मणी वाढवायचे. खोपोलीची टाटांची वीज १९१५ साली १०० किलोव्होल्टने मुंबईला पोचली. आज आपल्याकडे १३२ किलोव्होल्टच्या लाइनीवर अशा नऊ-दहा चकत्या दिसतात आणि ४०० किलोव्होल्टच्या लाइनीवर तेवीस-चोवीस.

पण मणी वाढवून प्रश्न सुटला नाही. कोरडी माळ कितीही दाब सहज पेलायची आणि धुक्याच्या पहाटे नेहमीच्याच दाबाला पेटायची. होतं ते असं: मळात मीठ असतं, दव पडलं की ते विरघळतं आणि चकतीच्या अंगावरून थोडा प्रवाह झिरपू लागतो. प्रवाहाने ओल तापते आणि जिथे चकती अरुंद असते तिथे ती आधी वाळते. मग सगळा दाब त्या वाळलेल्या पट्ट्यावर येतो आणि तो पट्टा ओलांडून ठिणगी उडते. पहाटेची चरचर ती हीच. बहुतेक वेळा ठिणगी विझते. ओल आणि मीठ पुरेसं असलं तर ती लांबत लांबत माळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि लाइन ट्रिप होते. या झिरपत्या ठिणगीचं गणित जर्मनीत ओबेनाउस यांनी १९५८ साली मांडलं. धो धो पाऊस मात्र मित्र असतो, तो चकत्या धुऊन काढतो. घात करतात ते दव, धुकं आणि कोरड्या महिन्यांनंतरची पहिली भुरभुर.

तपासणीची पहिली रीत सरळ होती. समुद्राकाठी इन्सुलेटर टांगायचे आणि वाट बघायची. इंग्लंडमध्ये फॉरेस्ट यांनी १९३० च्या दशकात वेगवेगळ्या हवामानात इन्सुलेटरचं वागणं मोजलं होतं. पुढे ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक केंद्रच उभं राहिलं. अशी केंद्रं खरं बोलतात, पण फार सावकाश. आणि यंदाचं धुकं पुढच्या वर्षी तसंच पडत नाही.

म्हणून धुकं खोलीत आणावं लागलं. किनाऱ्यासाठी खाऱ्या धुक्याची रीत निघाली. मिठाचं पाणी दाबाच्या हवेने फवारायचं, विजेचा दाब कायम ठेवायचा आणि खारटपणा पायरीपायरीने चढवायचा, घनमीटरला अडीच किलो मिठापासून थेट २२४ किलोपर्यंत. समुद्राचं पाणी साधारण ३५ किलोचं. चारपैकी तीन वेळा इन्सुलेटर तासभर टिकला, तर तो खारटपणा त्याने पेलला असं मानायचं.

दुसरी रीत धुळीच्या मुलखासाठी, आणि माझा जीव तिच्यावर आहे. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम केओलिन कालवायचं, हवं तेवढं मीठ घालायचं, तो लेप इन्सुलेटरवर चढवून वाळवायचा आणि मग बंद खोलीत वाफ सोडायची. केओलिन म्हणजे आपली चिनी माती. चिनी मातीच्या चकतीला मळवायला चिनी मातीच वापरतात! एक भट्टीत भाजून, झिलई चढवून काचेसारखी झालेली, दुसरी कच्ची, पाणी धरून ठेवणारी. मीठ वीज वाहतं आणि माती त्या मिठाला ओल पुरवते. १९७५ साली आयईसी या विद्युत क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ५०७ क्रमांकाच्या मानकात या दोन्ही रीती बसल्या. आपल्याकडे त्याच वळणाचं आयएस ८७०४ हे भारतीय मानक आहे.

त्या मानकातली एक अट मला नेहमी थांबवते. चाचणीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर दमदार हवा, त्याचा शॉर्टसर्किट प्रवाह किमान ६ अँपिअर हवा. कोरड्या चाचणीला एवढा दम लागत नाही. पण मळलेल्या चकतीवर ठिणगी लांबू लागली की ती प्रवाह मागते. ट्रान्सफॉर्मर दुबळा असला तर त्याचाच दाब पडतो, ठिणगी उपाशी विझते आणि वाईट इन्सुलेटर चांगला ठरून बाहेर पडतो. खऱ्या लाइनीमागे सगळं वीजघर उभं असतं, तिथे अशी सवलत नाही. परीक्षकाच्या अशक्तपणामुळे परीक्षार्थी पास होऊ नये, याची ही खबरदारी आहे.

खोलीतला मळ आणि खांबावरचा मळ यांची सांगड घालायला एक सुंदर युक्ती निघाली. खांबावरची चकती उतरवून शुद्ध पाण्याने धुवायची आणि त्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजायचं. तेवढीच वीज वाहायला किती मीठ लागलं असतं, तो त्या मळाचा आकडा. सिमेंट असो, खत असो, धूर असो, सगळ्यांची किंमत मिठात. चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं की मळ भारी समजतात. नेहमीच्या चकतीचं अंग दीडेक हजार चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे हिशेब १५० मिलिग्रॅमचा. अर्धी चिमूट मीठ! एवढ्याने जड मळाचा शिक्का बसतो आणि मग इन्सुलेटरच्या अंगावरून जाणारी विजेची वाट लांबवावी लागते. चकत्यांच्या वळणांवरून मोजलेली ही वाट जुन्या हिशेबात स्वच्छ मुलखाला किलोव्होल्टमागे १६ मिलिमीटर आणि सर्वांत मळक्या मुलखाला ३१ मिलिमीटर धरत. २२० किलोव्होल्टच्या लाइनीचा कमाल दाब २४५ असतो. तिथे चार मीटरच्या आतली वाट साडेसात मीटरच्या पुढे जाते.

देशातलं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं. या राज्याचं वीज मंडळ १९६० साली स्थापन झालं तेव्हापासून त्याचा कारभार बडोद्यातून चालला, आणि त्याच्या लाइनी कच्छच्या मिठागरांवरून, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून गेल्या. विजेच्या सामानाच्या तपासणीसाठी इर्डा ही संस्था १९७४ पासून याच शहरात, मकरपुऱ्यात आहे, आणि प्रदूषणाच्या मोठ्या चाचण्यांसाठी सीपीआरआय या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची हैदराबादची प्रयोगशाळा आहे. पाणीगेटमधून आजवा रोडने बाहेर पडून हालोलच्या दिशेला लागलं, की इन्सुलेटर बनवणारा मुलूखही फार दूर नाही.

आता माळांच्या जागी सिलिकॉन रबराच्या सडपातळ काठ्या येत आहेत, आणि त्यांनी जुन्या रीतीला पेचात टाकलं आहे. सिलिकॉनवर पाणी पसरत नाही, मोत्यांसारखं थांबतं, त्यामुळे केओलिनचा कालवलेला लेप त्यावर चढतच नाही. आधी कोरडी माती चोळून अंग मळवावं लागतं, मग लेप लागतो. आणि लेप लागला की लगेच चाचणी घेणं हा त्या इन्सुलेटरवर अन्याय ठरतो. रबरातले हलके तेलकट कण हळूहळू मळाच्या थरात चढतात आणि मळालाही पाणी झटकायला शिकवतात. त्याला वेळ द्यावा लागतो. किती वेळ द्यायचा, एक दिवस की चार, यावर चाचणी घेणाऱ्यांमध्ये बराच खल झाला आहे. तोवर लेप लावलेली काठी खोलीत टांगलेली असते, वाफ बंद असते, आणि अधूनमधून कोणी तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून बघतं: थेंब पसरतो आहे की गोल राहतो आहे.