सांगा पाहू, सामने किती?

ऑगस्ट 1957. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये विल्यम शॉकली हातात स्टॉपवॉच घेऊन बसला आहे. ट्रान्झिस्टरसाठीचं नोबेल त्याला आदल्याच वर्षी मिळालेलं. समोर त्याच्या प्रयोगशाळेत नोकरीच्या मुलाखतीला आलेला जिम गिबन्स नावाचा तरुण. प्रश्न असा: टेनिसच्या स्पर्धेत 127 खेळाडू, हरला तो बाहेर, विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती? गिबन्सने क्षणात सांगितलं, 126. एका सामन्यात एक जण बाद होतो, विजेता सोडून बाकी 126 जणांना बाद व्हायचंय, मग फेऱ्या मोजत कशाला बसायचं? शॉकली बिथरला. हे कोडं आधी ऐकलं होतंस का, म्हणाला. गिबन्सने ऐकलं नव्हतं. पुढच्या कोड्याला मात्र त्याला वेळ लागला, आणि काटा प्रयोगशाळेच्या सरासरीपुढे सरकला तसा शॉकली निवांत झाला. विल्यम पाउंडस्टोनने मुलाखतींवरच्या आपल्या पुस्तकात हा किस्सा दिला आहे.

मोठ्या टेक कंपन्यांतल्या मुलाखतीचं मूळ शोधायचं तर मला हीच खोली सापडते, आणि ती कोड्यामुळे नव्हे, शॉकलीच्या त्या निवांत होण्यामुळे. विचारणाऱ्याला हुशार माणूस हवा असतो, फक्त आपल्यापेक्षा जरा कमी. शॉकली उमेदवारांना मानसशास्त्रीय चाचण्यांनाही बसवायचा. इतकं पारखून घेतलेल्यांपैकी आठ जणांनी पुढच्याच महिन्यात त्याला रामराम ठोकला आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यांतल्या नॉइस आणि मूर या जोडीने 1968 मध्ये इंटेल उभी केली. म्हणजे माणसं अचूक निवडली गेली होती. साहेबाची परीक्षा तेवढी कोणी घेतली नव्हती.

शॉकलीच्याही आधी एडिसन होता. त्याची उमेदवारांसाठीची लांबलचक प्रश्नपत्रिका 1921 मध्ये वर्तमानपत्रांत फुटली. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला कोणीतरी त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न टाकला. पुस्तकात सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही, असं सांगून तो मोकळा झाला. एडिसन पाठांतर तपासत होता, शॉकली चलाखी. शॉकलीच्याच काळात प्रोग्रामर हवे झाले तेव्हा प्रोग्रामिंग शिकवणारी कॉलेजं जवळपास नव्हतीच, म्हणून आयबीएमने कल चाचणी काढली. तर्काची कोडी सुटली की माणूस प्रोग्रामर होऊ शकतो, हा समज तिथे पक्का झाला.

मायक्रोसॉफ्टने त्याला प्रतिष्ठा दिली. गटाराची झाकणं गोल का असतात? (गोल झाकण कसंही फिरवलं तरी भोकातून आत पडत नाही.) फुजी पर्वत हलवायचा तर कसा हलवाल? असले प्रश्न बाहेर पडले, छापले गेले, पाठ झाले. आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंटच्या मोसमात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांवर शकुंतला देवींची कोड्यांची पुस्तकं या हातातून त्या हातात फिरत, ती याच साथीची लागण. गूगलने 2004 मध्ये भरतीसाठी महामार्गावर नुसता एक गणिती फलक लावला: ‘ई’ या संख्येच्या अंकांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा आणि त्या संख्येच्याच वेब पत्त्यावर या. नऊ वर्षांनी त्याच गूगलचा मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक याने जाहीरपणे सांगितलं, कोडी हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्यातून विचारणाऱ्यालाच आपण हुशार असल्याचं सुख मिळतं. हे शॉकलीला सांगायला कोणी हवं होतं.

कोडी गेली आणि फळा आला: परीक्षकासमोर उभ्या उभ्या त्यावर कोड लिहून दाखवायचा. खरं तर तो आधीपासून होताच, आता त्याचंच राज्य झालं. होमब्रू हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने 2015 मध्ये वैतागून लिहिलं की गूगलचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी रचना) उलटी करता आली नाही म्हणून मला नकार.

फळा नेमकं काय मोजतो, याचा मला माहीत असलेला सगळ्यात बोलका प्रयोग 2020 मधला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांना फळ्यावर सोडवायला एक प्रश्न दिला. काहींच्या समोर परीक्षक बसला होता, सोडवताना बोलत राहायचं होतं. बाकीच्यांना खोलीत एकटं सोडलं. परीक्षकासमोरच्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली. त्यांच्यातली एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही. एकट्याने सोडवणाऱ्या मुली सगळ्या उत्तीर्ण झाल्या. नमुना लहान आहे, मान्य. तरी कुणी टक लावून बघत असताना आपलं काय होतं, हे ज्याला एकदा फळ्यापाशी उभं केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता हिंजवडीत नोकरी करणारी पोरं रात्री लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरचे प्रश्न घासतात. ऑफिसात दिवसभर जुन्या कोडमधले बग काढायचे आणि कंपनी बदलायची तर ग्राफ नि डायनॅमिक प्रोग्रामिंग, म्हणजे नोकरी एका विषयाची आणि परीक्षा दुसऱ्याच. कोरोनात मुलाखती पडद्यावर गेल्या, मागोमाग एआय आलं आणि उत्तर कॅमेऱ्याबाहेरच्या खिडकीत उमटू लागलं. 2025 मध्ये गूगलच्या सुंदर पिचाईंनी सांगितलं की निदान एक फेरी आता पुन्हा समोरासमोर घेणार. घ्या. पण प्रश्न सांगून झाला की परीक्षकाने दहा मिनिटं चहाला जाऊन यायला काय हरकत आहे?