डोकं गोल केल्याने मान बसत नाही

सेनगाव-औंढ्याकडच्या कित्येक घरांत दिवस भरण्याआधी झालेलं बाळ दवाखान्यातून आलं, की पहिली नजर त्याच्या डोक्यावर जाते. डोकं लांबट असतं, कानांच्या बाजूंनी चेपल्यासारखं किंवा मागून एका अंगाने चपटं. मग मोहरीची उशी शिवली जाते, न्हाऊ घालताना तळहाताने डोकं दाबलं जातं. पुढे मूल मान उशिरा धरतं, उशिरा बसतं, आणि निदान ठरलेलं असतं: डोक्याला वेळेत आकार दिला नाही, म्हणून मूल मागे राहिलं. बोल लागतो तो बाळंतिणीला. हे मत चुकीचं आहे, आणि त्यापायी मुलाचे मोलाचे महिने वाया जातात.

पूर्वपक्षात तथ्य अजिबात नाही, असं नव्हे. घरातल्या आजीने पाहिलं ते खरंच आहे. सिॲटलच्या संशोधकांनी २०१० साली चपट्या डोक्याच्या तान्ह्यांची इतरांशी तुलना केली, तेव्हा ती विकासाच्या चाचणीत मागे दिसली आणि सर्वांत मोठी तफावत हालचालींत होती. पण चपटेपणामुळेच ती मागे पडली, असा अर्थ खुद्द त्या संशोधकांनीही काढला नाही.

मग चपटं डोकं आणि मागे पडलेली हालचाल एकत्र का दिसतात? गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बाळ गर्भाशयात हातपाय दुमडून, गर्भजलाच्या आधाराने असतं. अंगाला घट्टपणा येतो तो त्याच काळात. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला हे आठवडे गादीवर काढावे लागतात. कवटीची हाडं पातळ, शिवणी मोकळ्या, आणि स्वतः मान वळवायचं बळ नाही. नळ्या व श्वास सांभाळून परिचारिका त्याला या नाहीतर त्या कुशीवर ठेवतात. डोक्याच्या स्वतःच्याच वजनाने दोन्ही बाजू सपाट होतात आणि डोकं लांबट दिसू लागतं. घरी ते उताणं झोपतं, तेव्हा मान ज्या अंगाला सहज कलते तेच अंग चपटं होतं. एकदा चपटं झालं की डोकं पुन्हा तिकडेच कलंडतं, हेही खरं. तरी सुरुवात मानेच्या अशक्तपणातून आहे, हाडातून नाही.

आकार हेच कारण असतं, तर आकार सुधारणाऱ्या उपायाने मूल लवकर बसायला हवं होतं. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर डोक्याला आकार देणाऱ्या शिरस्त्राणाची चाचणी झाली. ती २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. दोन वर्षांच्या वयाला शिरस्त्राण घातलेल्यांपैकी २६ टक्के आणि न घातलेल्यांपैकी २३ टक्के मुलांचं डोकं पूर्ण सुधारलेलं होतं. हालचालींच्या विकासातही ठळक फरक दिसला नाही. त्या चाचणीत छत्तीस आठवड्यांआधी जन्मलेली बाळं नव्हती, हे सांगायलाच हवं. पण ज्या उपायाने वेळेवर जन्मलेल्यांचंही विशेष भलं झालं नाही, तो हजारो रुपये मोजून विकत घ्यावा, असं मी कुणाही आईबापाला सांगणार नाही. मोहरीच्या उशीचं तर समर्थनच होत नाही. झोपलेल्या तान्ह्याच्या डोक्याखाली उशी म्हणजे नाक-तोंड दबून गुदमरण्याचा धोका. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला आहे. अंगाला हलक्या हाताने तेल जरूर लावावं, टाळू आणि कवटी दाबू नये.

याच्या उलट टोकाचं मतही मला मान्य नाही. ‘हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, होईल आपोआप’ असं म्हणून बाळाला परत पाठवणं ही हयगय आहे. चपटं अंग दिसलं, तर मान दोन्हीकडे सारखी वळते का, हे पाहायलाच हवं. टेपने घेर मोजायला हवा: तो फार झपाट्याने वाढत असेल किंवा वाढतच नसेल, तर काळजी आकारापेक्षा मेंदूची आहे. क्वचित कवटीची शिवण अकाली जुळते, तेव्हा शस्त्रक्रिया लागते.

मग मूल मागे राहण्याची जोखीम कशावरून ओळखायची? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा थेट प्रौढ वयापर्यंत घेतला. दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि शिवाय पोटातच वाढ खुंटलेली मुलं बुद्ध्यंकात सर्वांत मागे राहिली. जोखीम ओळखायची ती पोटातल्या आठवड्यांवरून आणि जन्माच्या वजनावरून.

म्हणून वय मोजताना पोटातले राहिलेले आठवडे वजा करावेत. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी हिशेबाला ते चारच महिन्यांचं. ते बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण वजावटीनंतरही चार महिन्यांत मान धरत नसेल, पाय ताठ ठेवत असेल, अंगठा सतत मुठीत असेल किंवा एकच हात वापरत असेल, तर लगेच दाखवावं. झोपवायचं उताणंच, जागेपणी मात्र समोर बसून दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं, हाक कधी डावीकडून, कधी उजवीकडून द्यावी. वसमतच्या हळदीच्या रानात झोळीत निजलेल्या बाळाला पालथं व्हायला जागाच नसते, तेव्हा दुपारच्या सुट्टीत त्याला गोधडीवर काढलं पाहिजे.

आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांनंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या याच भेटी चुकतात. निघण्याआधी दवाखान्याचं कार्ड सोबत घ्यावं, त्यावर किती आठवड्यांचं बाळ आणि जन्माचं वजन किती, हे लिहून घ्यावं, आणि कारखान्याच्या गावी पोचल्यावर तिथल्या आशाताईंना ते दाखवावं.