अर्ध्या तासाची लढाई



आजचा विषय आरोग्याचा आहे, पण मी तुम्हाला व्यायामाचे प्रकार सांगणार नाही. मी सांगणार आहे दुपारच्या अर्ध्या तासाची गोष्ट. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरला. जो डबा आपण संगणकासमोर बसून चार घासांत संपवतो, त्या डब्यामागचा हा इतिहास आहे.

चला, १८८० च्या सुमाराच्या मुंबईत. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. उजाडलं की काम सुरू आणि मावळलं की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस हिवाळ्यापेक्षा कितीतरी लांब असे. आत उकाडा आणि कापसाचा तूस. सरकारने १८८१ मध्ये फॅक्टरी कायदा केला, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसांना ना तासांची मर्यादा, ना हक्काची सुट्टी. सुट्टी मिळालीच, तर यंत्रं पुसायला बोलावणं येई.

या कामगारांच्या बाजूने उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणीतलं जीवन त्यांनी जवळून पाहिलं होतं. १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला.

त्या अर्जातल्या मागण्या नीट ऐका. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. काम करताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. पाचपैकी चार मागण्या थेट शरीराशी संबंधित आहेत! दमलेल्या माणसाला विश्रांती हवी, हे या माणसांना कुणा डॉक्टरने सांगावं लागलं नव्हतं.

लगेच काही मिळालं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभरच्या कारखान्यांसाठी आली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. आता सूर्य मावळला तरी काम थांबेना. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिवा आला सोयीसाठी, आणि त्याने माणसाची संध्याकाळच खाल्ली. गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडलं. आठवड्याचे ४८ तास तर १९४६ मध्ये आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना.

आता आपल्या हातातल्या फोनकडे बघा. रात्री साडेदहाला 'जरा बघून घ्या' असा निरोप येतो, आपण बघतोही. रविवारी मीटिंग लागते, आपण बसतोही. विजेच्या दिव्याने जे केलं, तेच हा दिवा करतो आहे. फरक एवढाच, की गिरणीतला दिवा मालक लावत असे. हा आपण स्वतः उशाशी घेऊन झोपतो.

कामाचा ताण काही उद्यापासून कमी होणार नाही, हे मलाही कळतं. सगळ्यांनाच नाही म्हणता येत नाही, हेही खरं. लोखंड्यांनीही एकट्याने नाही म्हटलं नव्हतं. साडेपाच हजार सह्या गोळा केल्या होत्या. तेव्हा उद्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही हाक मारा. दोघं मिळून उठा, फोन खिशात ठेवा आणि अर्धा तास सावकाश जेवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.