कब्रस्तानातला ओढा

कब्रस्तान म्हटले की शांतता आठवते. पण डच चित्रकार याकोब फान राउसडाल याने १६५० च्या दशकात रंगवलेल्या ‘ज्यू कब्रस्तान’ या चित्रात कबरींना लागूनच एक ओढा दगडांवर आपटत, फेसाळत धावतो. वर काळे ढग, पुढे वठलेले झाड, मागे एक पडकी वास्तू आणि आभाळात इंद्रधनुष्य. या चित्राच्या दोन प्रती आहेत, एक अमेरिकेत डेट्रॉइटला व दुसरी जर्मनीत ड्रेस्डेनला.

चित्रातल्या कबरी खऱ्या आहेत. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आउडरकर्क गावी त्या आजही पाहायला मिळतात. पडकी वास्तू मात्र तिथली नाही, आणि त्या सपाट मुलखात असा डोंगरी ओढाही नाही. तो चित्रकाराने मनाने आणला.

का आणला? पाणी म्हणजे वाहून जाणारे आयुष्य आणि इंद्रधनुष्य म्हणजे आशा, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. जर्मन कवी गटे याने १८१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात राउसडालला कवीच म्हटले. हा अर्थ चुकीचा नाही, पण या कबरी कुणाच्या हे कळले की तो अधिक खोल जातो.

त्या आहेत स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंच्या. १४९२ साली ग्रॅनडा पडले आणि त्याच वर्षी स्पेनने ज्यूंना हद्दपार केले. तिथल्या मुसलमानांना पुढे बळजबरीने ख्रिस्ती केले गेले आणि १६०९ ते १६१४ या काळात त्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढले. त्याच १६१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यूंनी आउडरकर्कला दफनासाठी जमीन विकत घेतली, कारण शहरात त्यांना ती मिळत नव्हती. एकाच वतनातून उखडलेल्या दोन जमातींपैकी एकीला मूठभर माती मिळाली, ती ही.

चित्रातली एक कबर एलियाहू माँटाल्टो यांची. पोर्तुगालमध्ये जन्मलेले हे हकीम फ्रान्सच्या राणीचे वैद्य होते. १६१६ साली फ्रान्समध्येच त्यांचे निधन झाले आणि मय्यत इतक्या दूर आउडरकर्कला आणून दफन करण्यात आली. ज्यांना जिवंतपणी एका जागी टिकू दिले नाही, त्यांच्या कबरींवर राउसडालने ऊन पाडले आहे. धावते आहे ते पाणी. कबरी जागच्या हललेल्या नाहीत.