आवाजाचे कारागीर

मावळातील कार्ले येथील चैत्यगृह आपण सारे डोळ्यांनी पाहतो. तिथले ३७ खांब, त्यांवरील हत्ती, छताच्या लाकडी कमानी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सुमारे १२४ फूट लांबीची ही वास्तू पठणाचा स्वर ऐकण्याचीही जागा होती. नाटकाचा ध्वनी सांभाळणारा माणूस तिथे गेला तर काय ऐकेल, याचा आम्ही विचार करू लागलो.

ध्वनिसंयोजक आधी संहिता वाचतो. कुठे पाऊस, कुठे दाराची कडी, कुठे नुसती शांतता हवी, याच्या खुणा समासात करतो. मग रिकाम्या नाट्यगृहात टाळी वाजवून ती किती वेळ घुमते ते ऐकतो. प्रेक्षक बसले की त्यांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषतात, हेही तो हिशेबात धरतो. कार्ल्याचा दगड आवाज शोषत नाही, परत फेकतो. म्हणून संथ पठण तिथे भरून राहते. भरभर बोललेले संवाद मात्र एकमेकांत मिसळतील. या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचायला सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो. एवढ्या लांब नाट्यगृहात मागे कर्णे लावले, तर त्यांतला आवाज तेवढाच उशिरा सोडावा लागतो. नाहीतर मागच्या रांगेला एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

इतिहासाच्या दृष्टीने आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते तिथले शिलालेख. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव तिथे आहे. तसेच दाराचे काम करणाऱ्या, धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी कारागिराचे नाव दगडावर कोरले गेले.

आपल्या रंगभूमीने आपल्या कारागिरांची अशी नोंद ठेवली का? १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. ध्वनिक्षेपकाचा आधार नसताना नटाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, पण साथीने तो झाकू नये, हा तोल साथीदारांच्या हातांत होता. थिरकवाँ देशभर गाजले. कादरबक्षांचे नाव जाणकारांपुरते उरले. आणि पडद्यामागे पत्रा हलवून ढगांचा गडगडाट करणाऱ्यांची नावे तर कुणी लिहिलीच नाहीत. हिंदू-मुसलमान कलावंतांच्या एकत्र श्रमांचा केवढा इतिहास असा विरून गेला!

आजचा ध्वनिसंयोजक अंधारात, प्रेक्षकांच्या मागे बसतो. नाटक नीट ऐकू आले की त्याची आठवण कुणाला होत नाही. नाट्यसंस्थांनी जाहिरातीत आणि अभ्यासकांनी ग्रंथांत त्याचे नाव आवर्जून लिहावे, एवढेच आमचे मागणे आहे. कार्ल्यात सुताराचे नाव कोरल्याने श्रेष्ठीचे नाव पुसले गेले नाही. दोन्ही नावे आजही वाचता येतात.