ठोका चुकणारी घराणी: लाइपझिग ते नॉर्वे

१/५
सन १८५६. लाइपझिगचे वैद्य फ्रीड्रिख माइस्नर यांनी आपल्या ग्रंथात नोंद केली: क्षुल्लक चुकीबद्दल शाळेत बोलावणे येताच एक कर्णबधिर मुलगी कोसळली आणि गतप्राण झाली.

२/५
आईवडिलांना नवल वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले भावनावेगाच्या क्षणी अशीच गेली होती. ईसीजी यंत्र तेव्हा नव्हते. पुरावा होता तो कुटुंबाच्या स्मृतीत.

३/५
१९५७ साली नॉर्वेच्या येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी असेच एक कुटुंब अभ्यासले. सहा अपत्यांपैकी चार जन्मतः कर्णबधिर. त्यांतील तिघांचा बालपणीच आकस्मिक अंत. ईसीजीत ‘क्यूटी’ अंतर लांबलेले, म्हणजे ठोक्यानंतर हृदय विद्युत्दृष्ट्या पूर्ववत होण्यास विलंब.

४/५
१९९७ मध्ये जनुकीय दुवा सापडला. सदोष जनुक पोटॅशियमची वाट घडवते. ती हृदयाला लागते, तशीच अंतःकर्णालाही. सदोष प्रत आई व वडील या दोघांकडूनही आली, तरच बहिरेपण येते.

५/५
आज एका रुग्णाचे निदान होताच भावंडांचीही तपासणी होते. बीटा-ब्लॉकर औषधांनी अनेकांचे प्राण वाचतात. तरीही वैद्यांचा पहिला प्रश्न तोच आहे, ज्याचे उत्तर लाइपझिगच्या त्या मातापित्यांजवळ होते: घरात पूर्वी कोणी असे अकस्मात गेले होते काय?